परगावची पुस्तके

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या ज्या लहानशा गावात आम्ही राहतो, तेथील सार्वजनिक ग्रंथालयात मराठी पुस्तक नाही. असण्याचे काही कारणही नाही. गावात मराठी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ग्रंथालयाचा खरेदीचा पैसा स्थानिक करातून आलेला. स्पॅनिश पुस्तकांना एक भिंत दिलेली आहे, मुलांसाठी चिनी चित्रपुस्तकेही दिसतात, पण देवनागरी अक्षर औषधालाही सापडत नाही. असे असूनही गेल्या काही वर्षांत मी जेवढी जुनी मराठी पुस्तके वाचली, तेवढी पुण्यात असताना वाचली नव्हती, आणि ती सगळी याच ग्रंथालयाच्या खिडकीवरून घरी आली. आपल्याकडे नसलेले पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयाकडून उसने आणून आपल्या वाचकाला देणे हे येथील ग्रंथालये आपले नित्याचे काम समजतात. या व्यवस्थेचे मला अजूनही नवल वाटते.

कल्पना तशी जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर गावचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ साली ग्रंथपालांच्या मासिकाला पत्र लिहून सुचवले होते की, ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तके उसनी द्यावीत. पुढे १९१७ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाने या देवघेवीची नियमावली केली. सुरुवातीला ही सोय प्रामुख्याने संशोधकांसाठी समजली जात असे. करमणुकीसाठी किंवा नुसत्या हौसेखातर वाचणाऱ्याने दुसऱ्या गावचे पुस्तक मागावे, हे प्रतिष्ठित मंडळींना फारसे रुचत नव्हते. माझ्यासारख्या हौशी वाचकाला या रांगेत जागा मिळाली ती बऱ्याच नंतर.

मागणीचा अर्ज साधाच असतो, पण मराठी पुस्तकासाठी तो भरताना गंमत येते. ‘कोणतीही आवृत्ती चालेल काय?’ असा एक रकाना असतो. ज्या आत्मचरित्राची पहिली आवृत्ती हीच शेवटची ठरली, त्याच्या बाबतीत या प्रश्नावर हसावे की हळहळावे, कळत नाही. ‘पाठवणाऱ्या ग्रंथालयाने शुल्क मागितल्यास किती डॉलरपर्यंत देण्याची तयारी आहे?’ असा दुसरा रकाना असतो. बहुतेक वेळा एक पैसाही लागत नाही, पण रकाना रिकामा ठेवला तर कर्मचारी फोन करून विचारतात. ‘कोणत्या तारखेनंतर पुस्तक नको?’ हा तिसरा रकाना परीक्षा आणि प्रबंध डोक्यावर असलेल्यांसाठी आहे; पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे प्रवासवर्णन वाचू पाहणाऱ्याला कसली आली आहे घाई!

खरी कसोटी असते ती पुस्तक शोधण्याची. जगभरातल्या ग्रंथालयांची जी सामाईक सूची आहे, तिच्यातल्या जुन्या मराठी नोंदी बहुधा रोमन लिपीतच आहेत, आणि ते रोमन लेखन आपण फोनवर निरोप लिहिताना वापरतो तसे नाही. ‘चरित्र’ आपण सगळेच सी आणि एच जोडून लिहितो. सूचीत मात्र नुसता सी असतो, त्यामुळे आपल्या पद्धतीने शोधणाऱ्याला ते चरित्र नाहीच असे वाटते. शब्दाच्या शेवटचा अकारही ही पद्धत सोडत नाही. म्हणून शंकर आणि गणेश अशी साधी नावे तेथे ‘शंकरा’, ‘गणेशा’ अशी अंगणातून हाक मारल्यासारखी दिसतात. एकदा ही सवय अंगवळणी पडली की मग अलिबाबाची गुहा उघडते. गावातल्या कोणालाही ठाऊक नसलेल्या पुस्तकाच्या नोंदीखाली शिकागो, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया, बर्कली अशी विद्यापीठांची नावे ओळीने उभी असतात.

त्यानंतरचे काम वाचकाला दिसत नाही. ओहायोतल्या महाविद्यालयांनी १९६७ मध्ये सामाईक सूचीसाठी जी संस्था स्थापली, तिच्या यंत्रणेतून १९७९ पासून उसनवारीच्या मागण्याही जाऊ लागल्या. आमच्या ग्रंथालयातली कर्मचारी बाई नोंद उघडतात, ज्यांच्याकडे पुस्तक आहे अशा ग्रंथालयांची क्रमाने यादी लावतात आणि मागणी सोडून देतात. पहिल्याने ठरावीक दिवसांत हो म्हटले नाही तर ती आपोआप दुसऱ्याकडे जाते, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. नकार आला तरी त्यात रागलोभ नसतो. पुस्तक बाहेर गेले आहे, बांधणी सैल झाली आहे, फक्त ग्रंथालयात बसून वाचायचे आहे, अशी कारणे ठरलेली असतात. होकार आला की टपालखात्याच्या ग्रंथालयांसाठीच्या सवलतीच्या दराने किंवा राज्याच्या ग्रंथवाहतुकीच्या गाडीने पुस्तक निघते.

ते हातात पडते तेव्हा त्याच्या मुखपृष्ठाभोवती कागदाची रुंद पट्टी गुंडाळलेली असते. पट्टीवर माझे नाव, परतीची तारीख आणि पाठवणाऱ्या ग्रंथालयाची तीन अक्षरी खूण. सीजीयू दिसले की शिकागो विद्यापीठ, हे आता न विचारता समजते. ही पट्टी काढू नये, अशी सूचना तीवरच छापलेली असते आणि ती मी इमानाने पाळतो. आत मूळचे कापडी किंवा कागदी वेष्टन जाऊन त्या जागी विद्यापीठाची एकरंगी जाड बांधणी आलेली. कण्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच शंकरा-गणेशा धाटणीचे नाव. परतीच्या तारखा मारण्यासाठी मागे चिकटवलेला जुना कागद पुष्कळदा कोराच असतो. मुंबईच्या कुठल्याशा गल्लीतल्या छापखान्यात खिळे जुळवून छापलेले, पिवळट पडलेल्या पानांचे हे पुस्तक सातासमुद्रापलीकडे येऊन कपाटात गप्प उभे राहिले आणि त्याला कोणी हातही लावला नाही. तरीही कोणी मागेल या हिशेबाने ते सांभाळले गेले.

ही पुस्तके येथे आली कशी, याचे उत्तर गव्हात आहे. अमेरिकेच्या १९५४ सालच्या ज्या कायद्याला आपण पीएल ४८० या नावाने ओळखतो, त्याखाली भारताला धान्य मिळाले आणि त्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकती करण्याची मुभा होती. आमच्या आईवडिलांच्या पिढीला रेशनच्या दुकानावरचा तो लाल गहू आणि त्याच्या चिवट पोळ्या अजून आठवतात. नावे ठेवूनही सगळ्यांनी त्या खाल्ल्याच. त्या धान्यापोटी अमेरिकेच्या नावावर भारतात रुपयांचा ढीग साचला, जो बाहेर नेता येईना. मग १९५८ च्या दुरुस्तीने त्यातून पुस्तके विकत घेण्याची परवानगी अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाला, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसला, मिळाली, १९६२ मध्ये त्या ग्रंथालयाचे कार्यालय दिल्लीत उघडले आणि भारतीय भाषांतली पुस्तके निवडक अमेरिकी विद्यापीठांकडे पेट्या भरभरून जाऊ लागली. कोणते पुस्तक पुढे थोर ठरेल याचा काथ्याकूट करण्यापेक्षा हाताला लागेल ते बऱ्याच प्रमाणात सरसकट घेण्याकडे कल होता. त्यावर तेव्हा टीकाही झाली. मला मात्र त्या सरसकटपणाचे मोल वाटते, कारण चिकित्सक निवड समितीने जी पुस्तके हमखास गाळली असती, तीच आज माझ्या टेबलावर येतात: तालुक्याच्या गावच्या शिक्षकाचे आत्मवृत्त, कुण्या डॉक्टरांच्या युरोपच्या सफरीची हकीकत, एका संस्थेचा सुवर्णमहोत्सवी इतिहास. आईवडिलांच्या पिढीने लाल गहू खाल्ला आणि त्याच्या बदल्यात गेलेले पुस्तक पुढच्या पिढीला फुकट वाचायला मिळाले, असा हा अजब हिशेब आहे.

या देवाणघेवाणीचा आणखी एक, उलट दिशेचा धागा आहे आणि तो मराठी माणसाने विसरू नये. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड अमेरिकेत फिरून आले तेव्हा तेथील ग्रंथालये पाहून प्रभावित झाले, आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना आपल्या संस्थानात बोलावून घेतले. बोर्डन तीनच वर्षे राहिले; पण मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली गावोगावची ग्रंथालये आणि जेथे ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या, अशी रचना उभी राहिली. पेट्यांच्या ने-आणीचा खर्च ग्रंथालय खातेच सोसत असे. पुस्तक एका ठिकाणी आणि वाचक दुसऱ्या ठिकाणी असणारच, तेव्हा चालायचे कोणी तर पुस्तकाने, हे त्या संस्थानात शंभर वर्षांपूर्वी सरकारी धोरण होते.

महाराष्ट्रात ग्रंथालयांची परंपरा काही कमी जुनी नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. १९६७ मध्ये ग्रंथालयांचा कायदाही झाला. परंतु रत्नागिरीच्या कपाटातले पुस्तक परभणीच्या वाचकाला हवे असेल तर काय करायचे, याचे सरळ उत्तर आजही ‘कोणी ओळखीचे आहे का?’ हेच आहे. दिल्लीत १९८८ मध्ये सुरू झालेल्या डेलनेटसारख्या ग्रंथालयांच्या जाळ्यातून पुस्तके उसनी मिळतात खरी, पण त्याचा लाभ मुख्यतः विद्यापीठे आणि महाविद्यालये यांना. वर्गणी आणि अनामत भरून नाव घातलेल्या गावच्या वाचनालयातल्या सभासदापर्यंत तो क्वचितच येतो. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची करण्यासाठी आयुष्याची वर्षे वेचली, त्यामुळे कोणते पुस्तक निघाले होते हे आपल्याला समजते. ते आज कोणत्या कपाटात आहे आणि तेथून माझ्या गावी कसे येईल, ही त्यापुढची पायरी मात्र आपण चढलोच नाही.

ओळखीने मिळणाऱ्या पुस्तकाची गोडी मला ठाऊक नाही असे नाही. ग्रंथपालांनी ‘तुम्ही आहात म्हणून देतो हं’ असे म्हणत आतल्या खोलीतून धूळ झटकून काढलेले पुस्तक, सोबत चहा आणि त्या लेखकाच्या स्वभावाविषयी अर्धा तास गप्पा, हे सुख येथे नाही. नाशिकच्या विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पेट्या दुबईपर्यंत पोहोचल्या, त्याही माणसामाणसांतल्या जिव्हाळ्यावरच. पण ज्याची कोणाशी ओळख नाही, जो बुजरा आहे, ज्याला आपण हे पुस्तक का मागतो हे चारचौघांत सांगायचे नाही, त्याच्यासाठी जिव्हाळ्यापेक्षा नियम बरा, असे माझे मत झाले आहे. आमच्या खिडकीवर आजवर मला कोणी ‘हे कशाला हवे?’ असे विचारलेले नाही. शिकागोतल्या ज्या कोणी ते पुस्तक कपाटातून काढले, त्याला मी कोण हे ठाऊक नाही; आमच्या गावच्या ग्रंथालयाने मागितले एवढे त्याला पुरते, आणि पुस्तक हरवले तर भरपाईची जबाबदारी आमचे ग्रंथालय घेते. माझ्या वतीने ही हमी देणाऱ्या बाईंना पुस्तकाचे नावही वाचता येत नाही.

अशा पुस्तकाची आपसूकच जास्त जपणूक होते. ते स्वयंपाकघरात न्यायचे नाही, असा आमच्या घरी अलिखित नियम आहे, कारण हळदीचा डाग काही केल्या जात नाही आणि शिकागोला जाऊन ‘आमटी सांडली’ असे सांगायचे कोणी! मुदत बहुधा तीन-चार आठवड्यांची असते आणि ती वाढवून मिळेलच असे नाही, म्हणून स्वतःच्या कपाटातली पुस्तके वर्षानुवर्षे न उघडणारा मी हे पुस्तक मात्र वेळेत वाचून संपवतो. लागतील ते उतारे वहीत उतरवून ठेवतो, कारण पुन्हा मागितले तर हेच ग्रंथालय पुन्हा हो म्हणेल याची खात्री नसते.

फुकट म्हटली तरी या सोयीला पैसा लागतो, आणि तो कोठून येतो याचा विचार मी २०२५ पर्यंत केला नव्हता. वस्तुसंग्रहालये आणि ग्रंथालये यांना केंद्राचा निधी वाटणारी जी संस्था आहे, ती शक्य तितकी आटोपती घ्यावी, असा आदेश त्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांनी काढला. निधी अडकताच राज्याराज्यांत काटछाट सुरू झाली, आणि साउथ डकोटाच्या राज्य ग्रंथालयाने आपली आंतरग्रंथालयीन उसनवारीची सेवाच थांबवली. तो प्रदेश विरळ वस्तीचा, गावे लांब लांब. तेथल्या वाचकाला सूचीत पुस्तक पहिल्यासारखेच दिसत असणार, ओळीने उभी असलेली ग्रंथालयांची नावेही तीच, फक्त ते आणून देण्यासाठी राज्याचा हात नव्हता. मी आमच्या खिडकीवर चौकशी केली तेव्हा बाई म्हणाल्या की, आपल्याकडे सध्या तरी सगळे चालू आहे, पण पुढच्या वर्षाचे कोणी सांगावे. ते ‘सध्या तरी’ ऐकल्यावर, एरवी हिवाळ्याच्या लांब रात्रींसाठी राखून ठेवलेली दोन चरित्रे मी भर उन्हाळ्यातच मागवली.