तुम्ही विचारलंत म्हणून: लिहायला सुचतं कुठनं आणि मराठीत शिकून मिळतं काय

ट्यूशनला येणारी पोरं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, बसमध्ये शेजारी बसलेली ओळखीची बाई पण विचारते. अक्का, तुला एवढं लिहायला सुचतं कसं? आणि त्याला लागूनच, मराठी घेऊन एमए करायलीस तर पुढं काय करणार? पहिल्यात कौतुक असतंय, दुसऱ्यात काळजी. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धंच उत्तर देऊन सोडते मी, म्हणून आता बसून लिहिते.

तर मला सुचत नव्हतं. आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पण पुढं. शाळा मराठी, कौलारू, आणि जुलैत कौलांवर पावसाचा असा दणका असायचा की बाईंचं बोलणं पहिल्या बाकापर्यंत पोचायचं नाही, मग त्या फळ्यावर लिहायच्या आणि आम्ही उतरून घ्यायचो. अशाच पावसात आम्हाला 'माझा आवडता ऋतू' निबंध घातला आणि सगळ्या वर्गाने गाईडमधला उतरवला. मोर थुईथुई नाचला, इंद्रधनुष्य पडलं. आमच्याकडं पावसात आठवडा आठवडा ऊन दिसत नाही तर इंद्रधनुष्य कुठलं? येताना पायाला जळवा लागलेल्या असायच्या, वर्गात आल्यावर मीठ टाकून काढायच्या, डोक्यावर पोत्याची खोळ, आणि कपडे चुलीवर वाळवलेले त्यामुळं सगळ्या वर्गाला धुराचा वास, पण ह्यातलं एक अक्षर कुणी लिहिलं नाही. कुणी नको म्हटलेलं नव्हतं ओ, पण हे लिहायचं असतंय असं डोक्यातच आलं नाही. एसएसएलसीला, म्हणजे आमच्याकडच्या दहावीला, ६२५ पैकी मराठीचे १२५ होते, बाकी विषय शंभर शंभरचे, म्हणजे सगळ्यात मोठा पेपर मराठीचा, आणि तो मी पाठांतरावर चांगल्या मार्कांनी काढला.

कॉलेजला बेळगावला आले तर आणखीनच अडलं. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, पुस्तकं भरपूर, आणि जेवढं वाचलं तेवढं वाटायला लागलं की सगळं आधीच लिहून झालंय. त्यात सर म्हणणार, इंदिरा संत ह्याच गावात राहिल्या, इथंच लिहिलं त्यांनी. झालं, मग तर पेनच उचलत नाही. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव असं गावोगावी साहित्य संमेलन असतंय, ग्रंथदिंडी, कविसंमेलन, सगळं गाव मांडवात. (ह्याचं कौतुक पुण्याच्या लोकांना कळत नाही, एका तालुक्यात एवढी संमेलनं, तीपण शेतकऱ्यांनी वर्गणी काढून.) तिथं बसून मी पण माती, माय, सीमा असल्या कविता करून बघितल्या. त्या कुणाच्याही नावावर खपल्या असत्या.

मग एकदा मामा आला. त्याच्या भातात गवे शिरलेले. आमच्याकडं हे दरवर्षीचंच, जंगलाला लागून शेत म्हटल्यावर गवे आलेच, कुठं हत्ती. फॉरेस्टकडं नुकसानभरपाईचा अर्ज द्यायचा होता, मामा म्हणाला लिही, गव्यांनी वाट लावली. एवढंच. मी म्हटलं मामा असं नाही चालत, कुठल्या रात्री आले? अमावास्येच्या आदल्या. कुठनं आले? वड्याकडनं, बांध तिथं पडलाय. भात केवढं होतं? पोटरीला आलेलं. किती गेलं? तर म्हणाला सगळं गेलं. मग दोघं शेतात गेलो, पावलं टाकत मोजलं, तर सगळं नाही पण निम्म्याच्या वर गेलेलं. आणि तिथं उभा राहून मामा बोलला, नुसतं खाल्लं असतं तर परवडलं असतं गं, लोळलेत बघ त्यात. भात चटईसारखं दाबून पडलेलं, मधेच शेण, कडेला उभी राहिलेली चार ताटं. ते लोळलेलं मी अर्जात जसंच्या तसं घातलं. आधी मराठीत लिहिला, मग कन्नडमध्ये, सोबत जमिनीचा उतारा, पासबुकाची झेरॉक्स, फोटो. घरी येऊन मामाला वाचून दाखवला तर तो म्हणाला, हां, असंच झालं. निबंधाला कधी कुणी असं म्हटलं नव्हतं मला. पैसे आले, उशिरा आले आणि थोडेच आले, ते सोडा.

तेव्हापासून सुचायला लागलं असं म्हणा. म्हणजे आभाळातनं काही पडत नाही, कुणालातरी काहीतरी सांगायचं असतंय आणि त्याला जमत नसतंय, मी प्रश्न विचारत बसते. कथा लिहितानापण मी तेच करते, फक्त समोरचा माणूस मीच उभा केलेला असतो.

आता दुसरा प्रश्न. मराठीतनं शिकून नोकरी लगेच मिळत नाही हे खरंच आहे, माझ्याबरोबरची निम्मी पोरं गोव्याला गेली, काही इथंच बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. इथं सरकारी नोकरी म्हटली की कन्नडची परीक्षा काढावीच लागते. तिकडं महाराष्ट्राच्या विधिमंडळात सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात घ्यायचे ठराव होतात, होऊ देत, पण आमच्या गावात उतारा कन्नडमध्ये येतो आणि तो आज्जीला वाचून कोणीतरी दाखवायला लागतो. ते मला मराठी शाळेतल्या कन्नडच्या तासानंच शिकवलं. आणि घटनेचं ३५० वं कलम सांगतं की तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, हे मला बीएला कळलं, मामाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. तरी मी कन्नड प्रत जोडतेच. हक्क हक्काच्या जागी, काम लवकर व्हायला पाहिजे ना.

तेव्हा शिक्षणाचा उपयोग पगारात विचाराल तर अजून शून्य, माझं बसचं तिकीटपण शक्ती योजनेत, म्हणजे बायकांना सरकारी बस फुकट त्यात, शून्याचंच असतंय. पगार सुरू झाला की सांगते, लपवणार नाही. आणि कुणाचा अर्ज लिहायचा असेल तर रविवारी या, मी घरीच असते. येताना नवा उतारा काढून आणा, जुना चालत नाही, आणि आदल्या दिवशी शेतात जाऊन किती गुंठे गेलं ते मोजून या. सगळं गेलं म्हणू नका.