आमची वाटचाल आणि तात्यांची जीप

वाटचाल लिहायची म्हणजे लोक मशीन किती घेतल्या, टर्नओव्हर कितीवर गेला, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालं वगैरे लिहितात. आमच्याकडे मंत्री कोणी आले नाहीत, आणि टर्नओव्हरचं बायकोला विचारावं लागेल, हिशोब तीच बघते. मला विचाराल तर आमच्या धंद्याचे दोन भाग आहेत, तात्यांच्या जीपच्या आधीचा आणि नंतरचा. म्हणून जीपबद्दलच लिहितो.

२००९ ला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एक शेड भाड्याने घेतली, पावडर कोटिंगसाठी. मी, दोन पोरं, गॅसवर चालणारा ८ फुटी ओव्हन आणि मागच्या बाजूला सात टाक्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पावडर कोटिंग म्हणजे नुसता रंग नाही, आधी माल टाक्यांतून फिरवायचा, तेल काढायचं, धुवायचं, ॲसिडमध्ये गंज काढायचा, परत धुवायचं, फॉस्फेटिंग, आणि मग पावडर उडवून २०० डिग्रीच्या आसपास भाजायचं. खिडक्यांच्या ग्रिल, गेट, शाळेची बाकं असलं काम. पैसे बरे मिळायचे पण रोज तेच तेच. २०१५ च्या कुंभमेळ्यात एका कॉन्ट्रॅक्टरकडून बॅरिकेडिंगचं मोठं काम आलं, पैसेही वेळेवर आले (हे लिहिताना मलाच खोटं वाटतंय पण आले), आणि हातात पैसा आला की माणसाला सुचतं तसं मलाही सुचलं.

मला लहानपणापासून जीपचं वेड. आपल्या नाशिकमध्ये ते असणारच, सातपूरला महिंद्राची फॅक्टरी, देवळालीला आर्मी, आणि पेठ-सुरगाण्याकडे जाणाऱ्या जीपच्या मागच्या फळीवर लटकून प्रवास केलेली आमची पिढी. तर त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास निफाडचे एक द्राक्ष बागायतदार गेट घ्यायला आले होते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी सहज विषय काढला, वडिलांनी घेतलेली १९८७ ची महिंद्राची एमएम ५४० जीप शेडमध्ये उभी आहे, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चालू आहे पण पत्रा गेलाय, भंगारवाला मागतोय. मी गेट बाजूला ठेवलं आणि म्हणलं तात्या भंगारात देऊ नका, आम्ही करून देतो, अडीच लाखात नवी कोरी, गुढीपाडव्याला चावी हातात.

गाडी मी अजून बघितलीसुद्धा नव्हती.

पहिली चूक हीच आणि पुढच्या सगळ्या तिच्या पोटातून निघाल्या. गाडी आली, आम्ही उत्साहात चार दिवसांत पूर्ण खोलली. फोटो मोजून सहा काढले, त्यातल्या तीनमध्ये मी स्वतः जीपला टेकून उभा आहे. बोल्ट सगळे एका बादलीत. आता या जीपची गंमत अशी की हिचं मूळ अमेरिकन विलीजचं, त्यामुळे बॉडी आणि चासीचे (म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचे) बोल्ट इंची, आणि इंजिन फ्रेंच, त्याचे बोल्ट मिलिमीटरमध्ये, म्हणजे एमएममध्ये. पाच-सोळाचा (५/१६ इंची) बोल्ट आणि ८ एमएमचा बोल्ट हातात घेतले तर भल्याभल्यांना फरक कळत नाही, पण आटे वेगळे. आमच्या पोराने बादलीतून हाताला येईल तो घेतला, दोन आटे सहज गेला, पुढे जाईना म्हणून पान्याला पाईप लावून ओढला. असे किती आटे गेले ते मोजणं मी नंतर सोडून दिलं. गावातला खरादवाला मला बघितलं की हसायचा.

बोनेट आणि बाजूचे पत्रे मी बाहेर सँडब्लास्टिंगला दिले. तिथे मोठमोठे गर्डर साफ व्हायचे, त्याच प्रेशरने आणि त्याच जाड ग्रिटने त्यांनी बोनेट मारलं, परत आलं तेव्हा तळलेल्या पापडासारखं. दोष त्यांचा तरी कसा म्हणू, पत्रा पातळ आहे हे सांगायचं काम माझं होतं. तेव्हा जुन्या नाशकातले एक डेंटर आमच्याकडे आले, वय साठीच्या पुढे, सगळे चाचा म्हणतात. चाचांनी हातोडी-डॉलीवर (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) ते बोनेट अकरा दिवस ठोकून सरळ केलं, आणि अकराही दिवस एकच वाक्य बोलत होते, शेठ पहले पूछना था.

आणि आता चासी. चासीवर माझा खरा जीव होता कारण तीच आमची जाहिरात होणार होती, काळी चकचकीत पावडर कोटेड चासी, बघणाऱ्याने बघत राहावी. आमच्या ८ फुटी ओव्हनमध्ये ती मावत नव्हती तर मी लोन काढून १४ फुटी ओव्हन बांधला. एका जीपसाठी! बायको तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती, बरोबरच होतं तिचं. टाक्या पण छोट्या, म्हणून चासी आधी एका बाजूने बुडवली मग दुसऱ्या बाजूने, ॲसिडमध्ये मस्त वेळ देऊन, गंज राहायला नको म्हणून नेहमीपेक्षा जास्तच. चासी भट्टीतून बाहेर आली तेव्हा मी सगळ्यांना पेढे वाटले होते.

मग फिटिंग सुरू झालं आणि एकेक बाहेर यायला लागलं. पावडरचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा असतो, ऐकायला काहीच नाही, पण आम्ही भोकं बुजवली नव्हती, प्रत्येक आट्यात पावडर जाऊन बसली होती. सगळीकडे टॅप मारून आटे परत मोकळे केले. कमान पाट्यांच्या बैठकीवर पण थर, त्यावर यू बोल्ट आवळले, शंभर किलोमीटर गाडी चालली की थर दबायचा आणि यू बोल्ट ढिले, परत आवळा, परत ढिले. मग इलेक्ट्रिशियन. तीन दिवस तो माणूस वायरिंग शोधत होता, लाईट मिणमिणते, स्टार्टर आळस देतो, हिटर प्लग तापत नाहीत, बॅटरी नवी, वायरिंग नवं. शेवटी त्याने वैतागून जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनला लावलं आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू. अर्थिंगच नव्हतं. अर्थिंगच्या सगळ्या जागांवर आम्ही स्वतःच्या हाताने पावडर मारली होती, आणि पावडर करंट सोडत नाही हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, रोज ग्राहकाला आम्हीच अभिमानाने सांगायचो.

चासी नंबरचं तर विचारूच नका. १५ वर्षांपुढच्या गाडीची दर ५ वर्षांनी पासिंग, तात्यांची पासिंग बाकी होती. पेठ रोडला आरटीओत गाडी नेली, साहेबांनी नंबर बघायला मागितला, पेन्सिलने छाप घ्यायची तर पावडरने आकडे भरून गेलेले. तिथेच उकिडवं बसून पॉलिश पेपरने हळूहळू घासत होतो, जरा जास्त घासलं असतं तर आकडाच गेला असता, आणि आपल्या मनाने नंबर परत पंच करणं हा गुन्हा आहे. साहेब चांगले होते, थांबले. तात्या मागे उभे राहून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

गुढीपाडव्याची गाडी दसऱ्याला गेली. अडीच लाखाच्या जागी आमचा खर्च सव्वाचार झाला, वरचे पैसे मागायला तोंड नव्हतं, आणि तात्यांनी स्वतःहून पन्नास हजार टेबलावर ठेवले ते मी घेतले नाहीत. हा मोठेपणा नव्हता, लाज होती.

पण खरा धक्का पुढच्या पावसाळ्यात. २०१७ च्या जुलैमध्ये तात्यांचा फोन, जरा येऊन बघता का. गेलो. चासीच्या पुढच्या भागात जिथे दोन पत्रे जोडून चौकोनी डबा केलेला असतो, तिथल्या जोडातून पिवळट पाणी ओघळत होतं, आणि ओघळाच्या दोन्ही बाजूला ती माझी चकचकीत काळी पावडर फोड आल्यासारखी फुगली होती. नखाने दाबलं तर पापुद्रा निघाला, खाली ताजा गंज, ओला, नारिंगी. मी बोट जिभेला लावून बघितलं (हे कोणी करू नका), आंबट. आमचं ॲसिड. आम्ही चासी बुडवली तेव्हा ते बंद डब्यात शिरलं, धुताना बाहेर आलंच नाही, भट्टीत अर्धं सुकलं आणि पहिल्या पावसाचं पाणी लागल्यावर जागं झालं. म्हणजे तीस वर्षांत ज्या चासीला काही झालं नाही ती आम्ही एका वर्षात आतून खायला लावली. आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीशी केसासारखी चीर, ती आधीपासूनच असणार, या जीपांमध्ये ती जागा तडकतेच, पण बघायच्या आधी आम्ही तिच्यावर रंग फासून मोकळे झालो होतो.

त्या दिवशी निफाडहून येताना गाडीत मी चाचांना म्हणलं आपण जीप केलीच नाही, आपल्याला येत होता तो रंग केला आणि बाकीचं त्याला टांगलं. चाचा म्हणाले, पहले पूछना था.

जीप परत आणली. पुढचा भाग उघडला, डब्याला खालून पाणी निघायला भोकं पाडली, सोड्याच्या पाण्याने आठ दिवस धुतलं, चीर तासून वेल्डिंग करून आतून पट्टी मारली, डब्यात पातळ वॅक्स सोडलं. या वेळी पावडर नाही, इपॉक्सी प्रायमर आणि साधा ब्रशने मारायचा काळा चासी पेंट, उद्या दगड लागला तर तात्या स्वतः ब्रश मारू शकतील असा. दिसायला काही खास नाही. टिकलाय.

धंद्यात काय बदललं म्हणाल तर पहिलं म्हणजे गाडी बघितल्याशिवाय भाव बोलायचा नाही. खोलून बघायचे पैसे वेगळे घेतो, दोन-तीन आठवडे लागतात, चाचा पत्र्यावर हातोडी वाजवत फिरतात, आवाजावरून पत्र्यावर भरलेली लांबी (पुट्टी) किती जाड आहे ते सांगतात, आणि मग टप्प्याटप्प्याने अंदाज देतो. अर्धे लोक इथेच निघून जातात. जाऊ देत. जे राहतात त्यांच्याशी भांडण होत नाही. दोनशे फोटो, प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर मार्करने जागा लिहायची, इंची पाने लाल पेटीत आणि एमएम निळ्या. गाडी आधी बिनरंगाची पूर्ण जोडून, चालवून बघतो, मग परत खोलून रंग. हे ऐकून लोकांना वाटतं पैसे वाढवायला करतात, पण आमचे पैसे वाचले ते इथेच. जुना काढलेला एकही पार्ट आम्ही टाकत नाही, ग्राहकाला पोत्यात परत. कारण बाजारात मिळणारा नवा पार्ट बऱ्याचदा जुन्या झिजलेल्यापेक्षा वाईट निघतो, मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून दिल्लीच्या मायापुरीपर्यंत फिरलोय.

ग्राहक सगळं मागतात. एकाला १९८८ ची जीप व्हिंटेजमध्ये नोंदवून व्हीए सिरीजची पाटी हवी होती, त्याला सांगितलं तो २०२१ चा नियम ५० वर्षांपुढच्या गाड्यांना आहे, २०३८ ला या. एकाला इंजिन दुसरं टाकून, टायर बॉडीच्या बाहेर येतील असे लावून हरियाणातल्या मंडी डबवालीच्या जीपसारखी हवी होती. नाही म्हणलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही गाडी मूळ बनावटीपासून बदलता येत नाही असं सांगितलंय, पासिंगला अडकली की ग्राहक आपल्याच दारात येतो.

राहिला १४ फुटी ओव्हन. चार वर्षं तो पांढरा हत्ती होता, हप्ता भरताना रोज शिव्या घालायचो. २०२० मध्ये सगळं बंद असताना हॉस्पिटलच्या बेडचं काम आलं, फ्रेम एकामागे एक दोन मावतात असा ओव्हन हवा होता, तो आमच्याकडे होता. त्याचं श्रेय मी घेत नाही, माझ्या चुकीला नशिबाने काम शोधून दिलं इतकंच. आज नऊ माणसं आहेत, ऐंशी टक्के धंदा अजून गेट-ग्रिलचाच आहे, जीपा आणि जिप्सी मिळून अकरा झाल्या. आता पुढच्या कुंभाची कामं सुरू होतील, बायकोने आधीच बजावलंय की पैसे आले तर ओव्हन बांधायचा नाही.

तात्यांची जीप दर वर्षी मे अखेरीस येते, पाऊस लागायच्या आत. पुढचा बंपर काढतो, भोकं साफ करतो, वॅक्स मारतो, बिल करत नाही. त्या जोडाशी अजून एक पिवळट डाग आहे, वर्षात नखाएवढा वाढतो, मी दर वेळी खाली झोपून बघतो आणि तात्या मी बघताना बघतात. या वर्षी येताना मागे जुन्या ट्रॅक्टरचं बोनेट टाकून आणलं होतं. म्हणाले, याला नुसता रंग द्या, बाकी काही उघडू नका.

म्हणलं ठेवा तात्या, आधी चाचांना बघू द्या.