एक टन ईएन-19 : भट्टीपुढचा हिशेब

मेटलर्जी शिकून कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतल्या एका स्टील फौंड्रीत ट्रेनी म्हणून लागलो. पहिली स्वतंत्र हीट (भट्टीतला एक घाणा) मिळाली ती ईएन-19 या मिश्र स्टीलची, एक टनाच्या, विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत. यात कार्बन 0.35 ते 0.45 टक्के, क्रोमियम 0.90 ते 1.50, मॉलिब्डेनम 0.20 ते 0.40. आकडे पाठ होते. काय कधी टाकायचं, हे मात्र भट्टीपुढे उभं राहिल्यावरच अंगवळणी पडतं.

फेरोमॉली, म्हणजे लोखंड-मॉलिब्डेनमचा मिश्रधातू, पहिल्याच चार्जबरोबर (भट्टीत भरलेल्या मालाबरोबर) गेलं, पत्रा कापून उरलेल्या पंचिंगच्या भंगारात मिसळून. मॉलिब्डेनम लोखंडाच्या आधी जळत नाही, त्यामुळे लवकर टाकलं तरी वाया जात नाही; उलट ते जड आणि विरघळायला सावकाश, त्याला वेळ मिळालेला बराच. निकेलचंही तसंच. आमच्याकडे फेरोमॉली स्टोअरमध्ये कुलपात असतं. चार किलोसाठी सही, वजन, परत सही. क्रोमियमसाठीच्या फेरोक्रोमच्या गोण्या तिथेच दाराशी उघड्या पडलेल्या. दोघांच्या भावातला फरक कळायला एवढं पुरे.

चार्ज वितळल्यावर सँपल ओतलं, घासून स्पेक्ट्रोला, म्हणजे घटकांचे टक्के सांगणाऱ्या यंत्राला दिलं. कार्बन 0.26, सिलिकॉन 0.08, मँगनीज 0.35, क्रोम 0.06, मॉली 0.24. आता खरा हिशेब.

क्रोम 1.05 वर न्यायचं, म्हणजे टनाला 9.9 किलो निव्वळ क्रोमियम. फेरोक्रोममध्ये ते 62 टक्के, रिकव्हरी, म्हणजे टाकल्यापैकी स्टीलमध्ये उतरणारा भाग, 95 टक्के धरली, तर 16.8 किलो माल लागतो. पण स्वस्तातलं फेरोक्रोम एकटं येत नाही, नवरदेवामागे वऱ्हाड यावं तसा 7 टक्के कार्बन घेऊन येतं. 16.8 किलोमागे साधारण 1.2 किलो कार्बन, म्हणजे हीटमध्ये 0.12 ची वाढ. आमच्या इंडक्शन भट्टीत ऑक्सिजन फुंकून कार्बन खाली आणायची सोय नाही, एकदा चढला की चढला. म्हणून तर सुरुवातीचा कार्बन मुद्दाम 0.26 वर ठेवला होता. तो आधीच 0.38 असता तर लो-कार्बन फेरोक्रोम वापरावं लागलं असतं आणि ते चांगलंच महाग पडतं. स्टेनलेसवाल्यांना हा ताप रोजचा.

फेरोक्रोमचे तुकडे भट्टीच्या काठावर तापत ठेवले होते. ओलसर तुकडा आत गेला तर धातू उसळतो, शिवाय ओलीतला हायड्रोजन स्टीलमध्ये शिरून कास्टिंगला पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रं, पाडतो. मी हात पुढे करताच फर्नेसवर आयुष्य काढलेले मामा म्हणाले, "थांबा साहेब, स्लॅग काढू द्या आदी. स्लॅगवर टाकलासा तर पैसं स्लॅगलाच गेलं बघा." रिकव्हरीचं अख्खं प्रकरण त्यांनी एका वाक्यात उरकलं! स्लॅग, म्हणजे धातूवर तरंगणारी मळी, ओढून काढली, चकचकीत धातू दिसला, मग तुकडे थोडे थोडे सोडले.

मँगनीज आणि सिलिकॉन शेवटाकडे. दोन्ही ऑक्सिजनला हपापलेले, लवकर टाकले तर जळून स्लॅगमध्ये जातात. मँगनीज-सिलिकॉन दोन्ही देणारं सिलिकोमँगनीज 5.5 किलो, वर सिलिकॉनसाठी 1.3 किलो फेरोसिलिकॉन. यातलं मँगनीज आपल्याकडचंही असू शकतं, भंडारा-नागपूरच्या खाणींतलं. क्रोमियमचं खनिज क्रोमाइट मात्र बहुतेक ओडिशातल्या सुकिंद्याचं. मँगनीजचं महत्त्व जुनं आहे. वितळलेल्या कच्च्या लोखंडात हवा फुंकून स्टील करायच्या बेसेमरच्या पद्धतीचं स्टील सुरुवातीला तापल्यावर तडकायचं. रॉबर्ट मशेटने 1856 च्या सुमारास त्यात मँगनीजयुक्त कच्चं लोखंड घालून तो दोष घालवला.

दुसरं सँपल : कार्बन 0.38, सिलिकॉन 0.24, मँगनीज 0.64, क्रोम 1.03, मॉली 0.23. लॅबमधून फोनवर आकडे ऐकताना मी कागदावर टिक करत होतो, मामा तोवर तापमान मोजायचा पायरोमीटर बुडवून 1630 अंश वाचून मोकळेही झाले.

टॅपिंगच्या वेळी, म्हणजे भट्टीतून धातू ओतून घेताना, लॅडलमध्ये (ओतायच्या बादलीत) ॲल्युमिनियम, टनाला साधारण एक किलो. ते हलकं, नुसतं टाकलं तर तरंगून वरच जळतं. म्हणून सळईला बांधून खाली दाबायचं. विरघळलेला ऑक्सिजन ते बांधून टाकतं आणि ओतलेलं स्टील साच्यात उकळत नाही.

साचे भरले, लॉगशीटवर सही केली आणि फेरोमॉलीचा रिकामा डबा स्टोअरला परत दिला. त्याचीही सही असते.