खोकं बोललं एकदाचं!

मंडळी, बोललं. काल रात्री सव्वा वाजता माझ्या घरी बनवलेल्या डालेकचं (‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या मालिकेतला तो यंत्रकवचातला खलनायक) आवाजाचं खोकं ‘थांबा’ म्हणालं आणि तो आवाज माझा नव्हता.

मागच्या खेपेला या खोक्यातल्या सर्किटबद्दल ‘रिंग मॉड्युलेटर म्हणजे काय, दोन संध्याकाळींचं काम’ असं मीच लिहून बसले होते. कुणी ते वाक्य शोधून माझ्या तोंडावर मारायच्या आत सांगून टाकते, त्या दोन संध्याकाळी तीन महिने चालल्या. मधल्या काळात बाकीचा डालेक निमूटपणे पुरा झाला. स्कर्टवरचे, म्हणजे खालच्या घेरावरचे, ५६ गोलार्ध जागेवर बसले, निळा रंग तिसऱ्या हाताला मनासारखा उतरला, डोळ्याचा दांडा आता मान टाकत नाही. गोलार्धांवर मी दोन नोंदी खर्ची घातल्या होत्या आणि आता ते सगळं एका ओळीत उरकतेय. पण करणार काय? मुका डालेक म्हणजे चाकं लावलेली मिरपुडीची डबी.

सर्किट तुम्हाला पाठ आहेच. दोन ट्रान्सफॉर्मर, मध्ये एकाच दिशेने फिरणारं चार डायोडचं कडं. एकीकडून आवाज, दुसरीकडून ३० हर्ट्झची साइन लाट (हिलाच कॅरिअर म्हणतात), आणि बाहेर येतो तो दोघांचा गुणाकार. आवाजातली प्रत्येक फ्रिक्वेन्सी ३०ने वर सरकते, ३०ने खालीही सरकते आणि मूळची नाहीशी होते. १९६३ मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे त्यांच्या ध्वनिप्रयोगांच्या विभागात, ब्रायन हॉजसन यांनी डालेकना आवाज देणाऱ्या पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम यांच्या आवाजांवर हाच प्रयोग केला. साठ वर्षांपूर्वीच्या माणसांना जमलं ते मला न जमायला काय झालं, असा माझा तोरा होता.

मला काय ऐकू येत होतं ते सांगते. मी गप्प असले की स्पीकरमधून बारीक ‘टर्रर्र’. बोलायला लागले की त्याच टर्रर्रवर माझाच आवाज, जरा थरथरता, टेबलफॅनसमोर तोंड करून बोलल्यासारखा. दरारा शून्य. त्या आवाजात ‘थांबा’ म्हटलं तर समोरचा ‘हो हो, थांबतो, तुम्ही आधी पाणी प्या’ म्हणाला असता.

पहिला संशय डायोडवर. इथे एका विक्रेत्याची मी मनापासून आठवण काढते, नाव घेत नाही. जर्मेनियम म्हणून मागवलेले वीस डायोड काचेच्या सुंदर नळीत आले, पट्टीसुद्धा बरोबर. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावला तर एकेकाचं रीडिंग ०.५९, ०.६०, ०.५९ व्होल्ट. जर्मेनियम असता तर ०.३च्या आसपास दिसायला हवं होतं. म्हणजे सरळसरळ सिलिकॉन, जर्मेनियमचा सदरा घालून आलेला. अशा डायोडच्या कड्यात हळू बोललेलं सगळं अडकतं, शब्दांची शेपटं तुटतात. दुसरीकडून मागवले, ते खरे निघाले. तुम्हीही मागवणार असाल तर आल्या आल्या मीटर लावा, सोल्डरिंगनंतर नव्हे.

खऱ्या डायोडची गंमत वेगळीच. चार सारखे निवडायला बसले. पहिला ०.३१२. चिमटीत धरून नीट बघावं म्हणून जरा थांबले तर आकडा उतरायला लागला, ०.३०९, ०.३०६, ०.३०३. मला वाटलं मीटरची बॅटरी गेली. बोटं बाजूला केली तर आकडा हळूहळू परत वर. डायोड माझ्या बोटांच्या उबेने बदलत होता! अंशाला साधारण दोन मिलिव्होल्ट, हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण डोळ्यांसमोर आकडे उतरताना पाहणं वेगळं. मग शहाणपण सुचलं. सगळे वीस डायोड थर्मोकोलच्या तुकड्यात ओळीने टोचले, पंखा बंद केला, अर्धा तास हात लावला नाही आणि फक्त टोकांना क्लिपा लावून मोजले. त्यातून मिलिव्होल्टभराच्या फरकातले चार मिळाले. त्या संध्याकाळी मी एवढी खूश होते की सर्किट चालत नाही हेच विसरले.

कारण चालत नव्हतंच. टर्रर्र थोडी कमी, दरारा अजून शून्य.

दुसरा संशय साइनवर. तोवर ३० हर्ट्झ मी फोनच्या हेडफोन सॉकेटमधून घेत होते. कॅरिअर आवाजापेक्षा दणकट नसेल तर डायोड नीट उघडझाप करत नाहीत, आणि फोनमध्ये तेवढा दम नाही. म्हणून एक्सआर २२०६ या साइन बनवणाऱ्या चिपचं तयार किट जोडलं, पुढे छोटा ॲम्प्लिफायर. किटबद्दल मत: साइन ठीक, पण बरोबर आलेली नॉब बघून मला रडू आलं. ब्रेडबोर्डबद्दल मत: यापुढे घरात आणणार नाही. एक अख्खा रविवार मी एका सैल भोकापायी घालवलाय.

कॅरिअर वाढवला तर उलटंच झालं. टर्रर्र दुप्पट, आवाज आणखी चोंदलेला. इथे मी आठवडाभर सगळं पेटीत घालून ठेवलं आणि ‘डॉक्टर हू’चे जुने भाग बघत बसले. अभ्यास म्हणून हं. १९६६च्या ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’चं चित्रण बीबीसीकडे उरलेलं नाही, आवाज मात्र शाबूत आहे, कारण त्या काळी काही प्रेक्षक घरी टीव्हीसमोर टेप लावून बसले होते. माझ्यासारख्या खोकंवाल्यांना तर ते वरदानच, चित्र नसल्यामुळे कान दुसरीकडे भटकत नाहीत. उलट १९७२चा ‘डे ऑफ द डालेक्स’ ऐका. डालेक बोलतात की पत्ता विचारतात कळत नाही. २०११च्या डीव्हीडीत, नव्या मालिकेत डालेकना आवाज देणाऱ्या निकोलस ब्रिग्ज यांच्याकडून ते आवाज नव्याने करून घेतले, यातच काय ते आलं. ब्रिग्ज २००५पासून मूग कंपनीचा मूगरफूगर हा तयार रिंग मॉड्युलेटर वापरतात. तो हाताशी असता तर ही नोंद लिहायची वेळच आली नसती, पण मग मजा कसली?

तर, गेल्या गुरुवारी पेटी पुन्हा उघडली. काहीच सुचत नव्हतं म्हणून नुसता कॅरिअर चालू ठेवला आणि एकेका भागावर बोट टेकवत गेले. डायोड, गप्प. दुसरा ट्रान्सफॉर्मर, गप्प. पहिल्या ट्रान्सफॉर्मरवर बोट ठेवलं आणि दचकून काढलं. आगपेटीत माशी कोंडल्यासारखा तो बोटाखाली थरथरत होता. कान जवळ नेला तर तीच टर्रर्र, स्पीकरशिवाय, थेट लोखंडातून.

मंडळी, हा ट्रान्सफॉर्मर टेलिफोनच्या कामाचा. ३०० ते ३,४०० हर्ट्झ, माणसाच्या बोलण्यापुरता. आणि मी त्याच्या प्रायमरीत, म्हणजे आत शिरतानाच्या वेटोळ्यात, ३० हर्ट्झ कोंबत होते! एवढ्याशा गाभ्याला तेवढी खालची फ्रिक्वेन्सी पेलत नाही, तो चुंबकत्वाने तुडुंब भरतो आणि साइनचे शेंडे कापले जातात. पुढे जे जातं ते साइन नसतंच, हार्मोनिकचा, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींचा, चिवडा असतो. माझा छोटा स्पीकर ३० हर्ट्झ वाजवूच शकत नाही, मला ऐकू येत होता तो हा चिवडा. आणि कॅरिअर वाढवला की दुखणं का वाढायचं, तेही उलगडलं.

चूक कुठे झाली? माझ्या आकृतीवर दोन इनपुटांना नुसतं ‘क’ आणि ‘ख’ लिहिलं होतं. मी म्हटलं, गुणाकारच आहे ना, दोन गुणिले तीन काय आणि तीन गुणिले दोन काय. वहीत ते खरं, लोखंडात नाही. आवाजाने ट्रान्सफॉर्मरमधून जायचं आणि कॅरिअरने दोन्ही सेंटर टॅपच्या (वेटोळ्याच्या मध्यावर काढलेल्या तारांच्या) मधून शिरायचं, अशी ती दारं आहेत. सेंटर टॅपमधून आलेला कॅरिअर वेटोळ्याच्या दोन अर्ध्यांत उलटसुलट वाटला जातो, दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतं, गाभ्याला ३० हर्ट्झचा पत्ताच लागत नाही. ट्रान्सफॉर्मर कितीही छोटा असो. तीन महिने मी पाहुण्याला खिडकीतून आत घेत होते आणि घर लहान आहे म्हणून कुरकुरत होते.

चार वायरी. चार वायरी काढून उलट लावल्या, बस.

टर्रर्र जवळजवळ गेली. उरलीसुरली घालवायला सेंटर टॅपवर १०० ओहमचा ट्रिमर, म्हणजे स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर, टाकला. आवाज बंद, कॅरिअर चालू, हेडफोन कानाला आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर केसभर फिरवत गेले. टर्रर्र बारीक होत होत एका जागी अशी नाहीशी झाली की हेडफोनची वायर निघाली की काय म्हणून मी खाली वाकून बघितलं. आणखी केसभर पुढे, परत हजर. केसभर मागे, पुन्हा शांतता. हे मी उगीचच सात-आठ वेळा केलं. तुम्हीही केलं असतंत.

मग माइक ओढला आणि ‘थांबा’.

आता आवाजाच्या खोडी. खोकं सर्वांना सारखं वागवत नाही. मी १२० हर्ट्झच्या आसपास खर्जात धरून बोलले तर (१२० आणि त्याची दुप्पट २४०, दोन्हींतून ३० वजा आणि अधिक) बाहेर ९०, १५०, २१०, २७० असं ६०-६०च्या अंतराने सगळं शिस्तीत येतं, म्हणून तंबोऱ्यासारखी गोल गुंजन निघते. १३०वर गेले की १००, १६०, २३०, २९०, अंतरं वेडीवाकडी, आणि तिथे खरा खरखरीत डालेक भेटतो. चिडत चिडत सूर वर नेला की आवाज पिसाळतो तो यामुळेच. म्हणजे निम्मं काम घशाचं. फोनमधली ‘रोबो आवाज’वाली ॲप नुसता थरथराट देतात, मूळ सूर तसाच मागे राहतो, म्हणून ती कधीच पटत नाहीत.

‘आ’, ‘ई’, ‘ए’ हे लांब स्वर खोक्याचे लाडके. ‘स’, ‘श’ नुसतीच वाफ, त्यांना गुणलं तरी वाफच राहते. यावरून डालेकच्या ‘एक्सटर्मिनेट’ या आरोळीला मराठीत काय, या आपल्या जुन्या भांडणात माझी भर. ‘नष्ट करा’ सरकारी परिपत्रक वाटतं आणि ‘ष्ट’वर खोकं शिंकतं. ‘खलास’ गल्लीतल्या दादाचं, शिवाय शेवटी ‘स’. ‘संहार’ मात्र झकास. ‘हा’वर सूर हवा तेवढा ताणता येतो. माझं मत पक्कं झालंय, वाद घालायचा तर खोकं घेऊन या.

शिल्लक दुखणं एकच, ‘ट’ आणि ‘प’ला माइक फुटतो. माइकवर स्पंजची टोपी घातली, निम्मं गेलं. माइक तोंडासमोरून काढून गालाच्या बाजूला नेला तर बहुधा उरलेलंही जाईल. उद्या बघते.

डोक्यावरच्या दिव्यांबद्दल. ठरलं होतं ते असं की आवाजावरूनच ते आपोआप लागतील. काल हुरूपात दिव्यांचं सर्किट रिंगच्या आउटपुटला जोडून बघितलं तर दिवे लागेनात, नुसते फुरफुरले. बरोबरच आहे, साइनच्या दोन्ही अर्ध्या लाटांत आवाज उसळतो, म्हणजे सेकंदाला साठ वेळा वरखाली. रिंगच्या आधीच, थेट माइकवरून सिग्नल घ्यायला हवा, त्यासाठी आणखी एक टीएल०७२ (ॲम्प्लिफायरची चिप) लागेल आणि खोक्यात जागा…

थांबा. हे लिहिता लिहिताच सुचतंय. साठच्या दशकात स्टुडिओत बोलणारा माइकशी उभा असायचा, डालेकच्या आत बसलेला दुसराच असायचा, आणि दिवे तो आतला माणूस बोलण्याच्या तालावर हाताने लावायचा. म्हणूनच जुन्या भागांत दिवे कधी कधी शब्दाच्या किंचित मागे पडतात, आणि मला तेच तर आवडतं. मग मी हा ऑटोमॅटिकचा अट्टाहास कशाला करतेय? साधं दाबायचं बटण. एक हात प्लंजरला (डालेकचा पुढे आलेला हात), एक बंदुकीला, पाय डालेक ढकलायला, तेव्हा बटण प्लंजरच्या आतल्या मुठीवर, अंगठ्याखाली. दिव्यांचं सगळं सर्किट रद्द. त्यासाठी राखून ठेवलेल्या जागेत स्पीकर मोठा बसेल!

म्हणजे स्पीकरची जाळी पुन्हा कापायची, गेल्या महिन्यात रंगवलेली. असू दे.

प्लंजरची मूठ कुणी आतून पोकळ केली असेल तर वायर खांद्याच्या सांध्यातून कशी नेली ते सांगा, माझी तिथे दोनदा तुटलीय. ट्रिमर हलू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकून ठेवलाय. लालच होतं घरात. ते वाळेपर्यंत खोक्याला हात लावायचा नाही, अशी स्वतःला ताकीद दिलीय, आणि आत्तापर्यंत दोनदा झाकण उघडून बघितलंय.