स्टर्लिंगच्या पानावर अडलेली ब्लास्टर

छंद म्हणून मी खऱ्या बंदुकांची संदर्भसूची करतोय. तिच्यातला सबमशीनगनचा विभाग या महिन्यात हातावेगळा करायचा होता. ३१ पानांपैकी २८ झाली आणि गाडी अडली ती स्टर्लिंग या ब्रिटिश सबमशीनगनवर. तिच्या एल२ए३ या नमुन्याची माहिती पुरती जुळली होती: ९ मिमी काडतूस, दस्ता उघडून लांबी ६८६ मिमी, दुमडून ४८१, रिकाम्या बंदुकीचं वजन २.७ किलो, डाव्या अंगाला आडवं लागणारं ३४ गोळ्यांचं वाकडं मॅगझिन. शेवटचा रकाना ‘कुणी वापरली’. तिथं ब्रिटिश सैन्य लिहिलं आणि पेन थांबलं. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये पांढऱ्या चिलखतातल्या शिपायांच्या हातात जी ई-११ ब्लास्टर ही काल्पनिक बंदूक दिसते, ती हीच. लंडनच्या बॅप्टी कंपनीनं पुरवलेली स्टर्लिंग, मॅगझिन आखूड केलेलं, वर दुर्बीण, नळीच्या आवरणावरच्या भोकांच्या रांगांत लांब पट्ट्या बसवलेल्या. हे लिहायचं की नाही?

सूची सुरू केली तेव्हा पहिल्याच पानावर नियम लिहिला होता: काल्पनिक हत्यार घ्यायचं नाही. त्यामागचं कारण मला आजही पटतं. ‘हेलो’ या गेममधली एमए५बी रायफल घ्या. ७.६२×५१ नाटो काडतूस, मॅगझिनमध्ये ६० गोळ्या. काडतूस खरं, बंदूक कल्पनेतली. ती मी एफएएल आणि जी३ या खऱ्या रायफलींच्या शेजारी बसवली, तर मॅगझिनच्या क्षमतेनुसार क्रम लावताक्षणी २० गोळ्यांच्या त्या दोन्ही रायफली खाली जातील आणि कधी घडलीच नाही अशी बंदूक त्यांच्या डोक्यावर येऊन बसेल. एका खोट्या आकड्यानं सगळा तक्ता नासतो. नळीतून सुटणाऱ्या गोळीचा वेग मोजायचा असतो. लेखकानं ठरवलेला वेग कोण मोजणार?

मत बदललं ते एका प्रश्नामुळे. या छंदात नव्यानं आलेला एक मुलगा पिस्तुलांचा विभाग चाळत होता. म्हणाला, “दादा, ग्लॉक १७ आहे, १८ आहे, १९ आहे. ७ राहिलं का?” त्यानं ‘डाय हार्ड २’ (१९९०) पाहिला होता. त्यात ‘ग्लॉक ७’ म्हणजे पोर्सलेनचं जर्मन पिस्तूल, विमानतळाच्या एक्स-रेत न दिसणारं, असं सांगितलंय. खरी गोष्ट अशी की ग्लॉक ऑस्ट्रियाची, त्या काळात ७ नावाचं तिचं कुठलंच पिस्तूल नव्हतं, आणि पडद्यावर दिसतं ते ग्लॉक १७. त्याची फ्रेम पॉलिमरची, पण नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पोलादी. अमेरिकेत १९८८ सालीच, म्हणजे चित्रपटाच्या आधी, कायदा झाला होता की ३.७ औंस, साधारण १०५ ग्रॅम पोलाद जितकं धातुशोधक यंत्रात दिसतं तितकी तरी प्रत्येक बंदूक दिसलीच पाहिजे. ग्लॉकच्या एकट्या स्लाइडमध्ये याहून किती तरी जास्त पोलाद असतं.

हे सगळं मी त्याला तोंडी सांगितलं. माझ्या सूचीत यातलं अक्षरही नव्हतं. ७ ची जागा कोरी दिसल्यावर मुलानं काय समजायचं? आमच्याकडून राहिलं, असंच. नसलेली वस्तू नाही, हेही संदर्भग्रंथानं सांगायला हवं, आणि त्यासाठी तिला नोंद द्यावीच लागते.

म्हणून नियम बदलला. काल्पनिक हत्याराला स्वतंत्र पान नाही. ज्या खऱ्या बंदुकीवर ते उभं आहे, तिच्या पानाखाली ‘वेशांतर’ नावाची चौकट. चौकटीत दोन ओळी वेगळ्या: एकीत प्रत्यक्ष वस्तू, दुसरीत कथेतला दावा. दाव्यातला एकही आकडा मुख्य तक्त्यात जाणार नाही.

यात सर्वांत रमलो ते चित्रपटांसाठी घडवलेल्या बंदुकांत. ‘स्टार वॉर्स’मधल्या हान सोलोची डीएल-४४ म्हणजे माउझर सी९६ पिस्तूल: झाडूच्या दांड्यासारखी मूठ, चापापुढे १० गोळ्यांचं बसवलेलं मॅगझिन, १८९६ चं डिझाइन. तिच्या तोंडाशी एमजी ८१ या विमानावरच्या मशीनगनचा फ्लॅश हायडर, म्हणजे बाराचा झोत झाकणारा भाग, लावलाय. इतकी वर्षं सी९६ चे फोटो पाहूनही हा भाग मला वेगळा ओळखू आला नव्हता. एमजी ८१ चं पान करताना तो अचानक समोर आला. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही, पण तो दिवस सत्कारणी लागला.

‘एलियन्स’ची (१९८६) पल्स रायफल उलगडायला वेळ लागला. आत थॉम्पसन एम१ए१, खाली कापून लहान केलेली रेमिंग्टन ८७० शॉटगन, तिच्याभोवती फ्रांकी स्पास-१२ या दुसऱ्या शॉटगनचं आवरण. कथेतला दावा १० मिमी बिनपुंगळीच्या काडतुसाचा. आतली थॉम्पसन .४५ ची, पितळी पुंगळीवर चालणारी. ही चौकट कुठं टाकायची, थॉम्पसनखाली की रेमिंग्टनखाली? हाच पेच ‘ब्लेड रनर’च्या (१९८२) पिस्तुलात आणखी घट्ट होतो: स्टायर मानलिखर या .२२२ च्या बोल्ट रायफलची यंत्रणा वर आणि चार्टर आर्म्सचं .४४ बुलडॉग रिव्हॉल्व्हर आत. शेवटी ठरवलं, बार मुख्यतः जिच्यातून उडतो ती आई. पल्स रायफल थॉम्पसनखाली गेली, ब्लेड रनरचं पिस्तूल बुलडॉगखाली. रेमिंग्टन आणि स्टायरच्या पानांवर फक्त ‘पाहा’ची खूण. ‘रोबोकॉप’ची (१९८७) ऑटो ९ सरळ निघाली: लांब नळीची बेरेटा ९३आर.

गेमच्या बंदुकांना चौकटसुद्धा दिली नाही, कारण तिथं वस्तूच नाही. त्यांच्यासाठी शेवटी टोपणनावांची सूची केली. १९९७ च्या ‘गोल्डनआय ००७’ मधला केएफ७ सोव्हिएत पाहायचा तर एके-४७ वर जा, पीपी७ म्हणजे वॉल्थर पीपीके, क्लॉब म्हणजे चेक स्कॉर्पियन. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या जुन्या आवृत्त्यांतला सीव्ही-४७ हाही एके. एक नाव मात्र मुद्दाम विस्तारानं लिहिलंय, त्याच गेममधली एडब्ल्यूपी. खेळणारे सगळे तिला याच नावानं ओळखतात, पण तिचं काडतूस दाखवलंय .३३८ लापुआ, आणि ते एडब्ल्यूएम या वेगळ्या रायफलचं. एडब्ल्यूपी ही पोलिसांसाठीची, सहसा ७.६२ नाटोची रायफल. ज्यांनी हजारो तास तो गेम खेळलाय त्यांनाही हे सांगावं लागतं.

‘डूम’ची बीएफजी ९००० आणि ‘हाफ-लाइफ २’ची ग्रॅव्हिटी गन बाहेरच राहिल्या. दोन्ही मला फार आवडतात. पण त्यांच्यामुळे खऱ्या बंदुकीबद्दल कुणाचा गैरसमज होत नाही, त्यामुळे सूचीला त्यांचं काम नाही.

खरी काळजी उलट्या बाजूची आहे. हेक्लर अँड कोखची जी११ ही खरी रायफल घ्या: ४.७३×३३ मिमीचं बिनपुंगळीचं काडतूस, तीन गोळ्यांची फैर मिनिटाला २,००० हून अधिक गोळ्यांच्या वेगानं. पल्स रायफलच्या दाव्याशेजारी ठेवली तर जी११ च जास्त कल्पित वाटते. १९६० च्या दशकातलं जायरोजेट पिस्तूल १३ मिमीचे छोटे अग्निबाण झाडायचं. पॅनकोर जॅकहॅमर शॉटगनचे मोजकेच नमुने बनले, गेममध्ये मात्र ती जागोजागी भेटते. काल्पनिक नोंदी सूचीभर मिसळल्या असत्या तर वाचणाऱ्यानं या तिन्ही खऱ्या बंदुकांवर संशय घेतला असता. म्हणून वेशांतराच्या चौकटीला राखाडी पार्श्वभूमी दिली, आणि पांढऱ्या कागदावरचं प्रत्येक अक्षर खऱ्या, घडवलेल्या वस्तूचं असेल हे पक्कं केलं.

आजची स्थिती: सबमशीनगनची ३१ पानं पूर्ण, सगळ्या विभागांत मिळून वेशांतराच्या १९ चौकटी. पुढच्या महिन्यात मशीनगन. तिथं एमजी ३४ खाली डीएलटी-१९ आणि लुईस गनखाली टी-२१ येईल, दोन्ही त्याच १९७७ च्या चित्रपटातल्या.

एक नोंद अजून पेन्सिलीनं आहे. ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मधलं (१९७४) सोनेरी पिस्तूल: पेन, लायटर, सिगारेटची डबी आणि कफलिंक जोडून झालेलं, कथेत ४.२ मिमीचं. वस्तू म्हणून ते होतं, हातात धरता येत होतं, पण त्याच्या आत कुठलीही ओळखीची बंदूक नाही, म्हणजे चौकट टाकायला आईचं पान नाही. तूर्त ते पिस्तुलांच्या विभागाअखेरीस सुट्या राखाडी कागदावर ठेवलंय. तुमच्या सूचीत ते कुठं आहे, हे मला जाणून घ्यायचंय.