‘साधी’ गाठ, पण खरवडून न भागणारी

बायोप्सीत ‘कॅन्सर नाही’ असं आलं की नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग नुसती गाठ काढून भागेल ना? खालच्या जबड्यातल्या नेहमीच्या अमेलोब्लास्टोमाला तरी नाही भागत.

ही गाठ दात घडवणाऱ्या पेशींपासून येते, बहुतेकदा अक्कलदाढेच्या बाजूला. सहसा दुखत नाही, त्यामुळे गाल फुगेपर्यंत कोणाचं लक्ष जात नाही. ओपीजीत, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या एक्स-रेत, साबणाच्या फुग्यांसारखे कप्पे दिसतात, पण फोटोतली कड म्हणजे गाठीची कड नव्हे. तिचे कोंब आतल्या जाळीदार हाडात आणखी 2 ते 8 मिमी शिरलेले असतात. खरवडायचं हत्यार, क्युरेट, कडेशी थांबतो, कोंब मागे राहतात आणि काही वर्षांनी गाठ परत येते. म्हणून दिसणाऱ्या कडेपलीकडचं 1 ते 2 सेंमी हाड सोबत काढायचं. जबड्याची खालची कड साधारण 1 सेंमी शाबूत राहत असेल तर ती ठेवता येते. नाहीतर जबड्याचा तेवढा तुकडाच काढावा लागतो.

एकच पोकळी असलेल्या प्रकारात, पेशी फक्त आतल्या अस्तरात असतील तर, अख्खी पिशवी सोलून काढणं पुरतं. पेशी भिंतीत उतरल्या असतील तर नाही पुरत. बायोप्सीच्या छोट्या तुकड्यावरून हे ठरत नाही, पूर्ण पिशवी तपासल्यावरच कळतं. तेव्हा दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते, हे रुग्णाला आधीच सांगावं.

तुकडा काढताना क्रम महत्त्वाचा. आधी दातांचा चावा जुळवून जबडे तारेने बांधा, रिकन्स्ट्रक्शन प्लेट (जबडा धरून ठेवणारी धातूची पट्टी) वाकवून बसवा, दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रूंची भोकं पाडा, प्लेट काढा, मगच हाड कापा आणि प्लेट त्याच भोकांवर परत बसवा. उलट केलंत तर सांध्याकडचा तुकडा सरकतो आणि चावा बिघडतो. गाठीने बाहेरची भिंत फुगवली असेल तर प्लेट हाडावर नीट बसत नाही. तिथे सीटीवरून थ्रीडी मॉडेल छापून, फुगवटा घासून, त्यावर प्लेट आदल्या दिवशीच वाकवलेली बरी. पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवलेली प्लेट पुढे तुटते. हाड न भरता नुसत्या प्लेटवर सोडलेला जबडाही तसाच दगा देतो.

तुकडा काढल्यावर राहिलेली जागा लहान असेल तर भरायला कमरेचं हाड चालतं. मोठीला पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्यांसकट, मात्र घोट्याकडचं 6 ते 8 सेंमी सोडून, नाहीतर घोटा डळमळतो. जबड्यातली नस तुकड्यासोबत गेली की त्या बाजूचा खालचा ओठ बधिर होतो. हे संमतिपत्रावर सही घेण्याआधी बोलायचं.

परत येणाऱ्या गाठींपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या 5 वर्षांत येतात. उरलेल्या त्यानंतर, म्हणजे रुग्णाने यायचं बंद केल्यावर. ओपीजी किमान 10 वर्षं करत राहावा.