पंधरा मिनिटांची वही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागवणारे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली आणि बक्षीस समारंभ यांची जंत्री देण्यापेक्षा शाळेने लावलेल्या एकाच सवयीविषयी सविस्तर लिहावे, असे मी ठरवले. ती सवय रोज ठरावीक वेळ लिहिण्याची. शाळा सोडल्यापासून मी पोटापाण्यासाठी हिशेब तपासण्याचे काम करतो आणि उरलेल्या वेळात सामाजिक प्रश्नांवर लिहितो. वृत्तपत्रांना पत्रे पाठवतो, ज्यांना लिहिता येत नाही त्यांना निवेदने तयार करून देतो, क्वचित सभेत बोलतो. रोजचे लेखन आणि जाहीर बोलणे ही दोन्ही कामे एकाच माणसाला करायची असली, तर त्यांचे एकमेकांशी नाते काय असावे, याविषयी माझी काही मते बनली आहेत, आणि त्यांचे मूळ आठवीच्या वर्गात आहे.

आम्हाला मराठी शिकवणाऱ्या सरांनी त्या वर्षी प्रत्येकाला एक वेगळी एकरेघी वही करायला सांगितली. पहिल्या तासापूर्वीची पंधरा मिनिटे तीत लिहायचे, एवढेच काम होते. विषय दिलेला नसे. समासात तारीख घालावी, स्वतः पाहिलेले किंवा ऐकलेले तेवढेच लिहावे, आणि ऐकलेले असेल तर ते कोणाकडून ऐकले हे नमूद करावे, असा दंडक होता. ‘सगळे म्हणतात’ अशी सुरुवात असलेली ओळ सर लाल शाईने अधोरेखित करीत आणि शेजारी ‘सगळे म्हणजे कोण?’ एवढाच शेरा मारीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना ते या वहीत हात लावत नसत. त्यासाठी निबंधाची वही होती, आणि तिथे मात्र ते कोणाचीही गय करीत नसत.

पहिल्या काही दिवसांतच माझे विषय संपले. वेळ तर भरायचाच होता, म्हणून मी आदल्या दिवशी वर्ग कोणी झाडला, फळा कोणी पुसला, हजेरीपट कार्यालयात कोणी नेला, असल्या नोंदी करू लागलो. पहिले सत्र संपताना वही चाळली, तेव्हा झाडण्याच्या नोंदींत सगळीकडे त्याच तिघी-चौघी मुलींची नावे आणि हजेरीपटाच्या नोंदींत मुलांची, हे समोर आले. मी वही सरांना दाखवली. माझी अपेक्षा अशी होती, की ते यावर निबंध लिहायला सांगतील. त्यांनी सांगितले ते वेगळेच. “निबंध नको. तारीख आणि काम असे दोन रकाने कर, नावे गाळ, मुलगा की मुलगी एवढेच ठेव आणि तुमच्या वर्गशिक्षिकांना वाचून दाखव.”

बाईंनी तो कागद शांतपणे ऐकला आणि मधल्या काही नोंदी पुन्हा वाचायला लावल्या. कामे आळीपाळीने होत असतील, असाच त्यांचा समज होता. पुढच्या आठवड्यात हजेरी क्रमांकानुसार कामांचा तक्ता भिंतीवर लागला. मुलांनी कुरकुर केली, एकाने तर मला ‘चित्रगुप्त’ म्हणायला सुरुवात केली, पण तक्ता टिकला. मला आजही महत्त्वाची वाटते ती त्या मुलींपैकी एकीने नंतर ऐकवलेली गोष्ट. ती म्हणाली, “आम्ही हे बाईंना आधीच सांगितलं होतं. आमच्याकडे कागद नव्हता, एवढंच.” तक्रार करणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाला जे वजन मिळाले नाही, ते तारखांच्या रकान्याला मिळाले, हे न्याय्य आहे असे मला मुळीच वाटत नाही, पण जगाचा व्यवहार बहुतेक वेळा असाच चालतो आणि ज्याला बदल हवा आहे त्याने तो कागद तयार ठेवलेला बरा.

यातून माझा एक ठाम आग्रह तयार झाला. लिहिण्याचे उद्दिष्ट रोजचे असावे, बोलण्याचे मात्र कधीही रोजचे ठेवू नये. सामाजिक भान असलेल्या तरुणांशी बोलताना मला नेमकी उलटी रीत दिसते. रोज एका प्रश्नावर भूमिका मांडायची, असे ते ठरवतात. मग सकाळी घडलेल्या घटनेवर दुपारपर्यंत मत देणे भाग पडते, कारण दिवसाचा कोटा पुरा व्हायचा असतो. घटनेचा तपशील संध्याकाळी बदलतो आणि दुसऱ्या दिवशी नवी घटना उभी असते. पहिल्या घटनेतील पीडिताचे पुढे काय झाले, हे विचारायला कोणी मागे वळत नाही. अन्याय रोज घडतो हे खरे, पण प्रत्येकावर बोलण्याइतकी माहिती एका माणसाजवळ रोज असू शकत नाही. माहिती जमवण्याचे काम मात्र रोज करता येते.

लेखनाच्या कोट्याची गोष्ट निघाली की इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप याचे उदाहरण हटकून दिले जाते. तो टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, घड्याळ समोर ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द या हिशेबाने लिही. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्यात ही कार्यपद्धती त्याने इतक्या मोकळेपणाने सांगितलेली निघाली, की प्रतिभेच्या कल्पनेत रमलेल्या वाचकांच्या नजरेतून तो काही काळ उतरला. मला स्वतःला त्याची शिस्त आवडते, पण सामाजिक प्रश्नांवर लिहिणाऱ्याने ती जशीच्या तशी उचलू नये. कादंबरीकाराला पुढचे वाक्य आपल्या मनातून काढायचे असते. आपल्याला एखाद्या वाक्यासाठी तीन माणसांना विचारावे लागते, जुना अहवाल शोधावा लागतो, आणि कधी सगळी सकाळ खर्चून शेवटी लिहिलेले वाक्य खोडावे लागते. त्या दिवशीची शब्दसंख्या शून्य भरते, काम मात्र पुष्कळ झालेले असते. म्हणून माप शब्दांचे न ठेवता वेळेचे ठेवावे, आणि वेळ इतका थोडा असावा की आजारपणातही टाळण्याची सबब सापडू नये. सरांनी पंधरा मिनिटे ठरवताना एवढा विचार केला असेल की शाळेच्या वेळापत्रकात तेवढीच फट शिल्लक होती, हे मला ठाऊक नाही. पण माप अचूक होते.

रोजच्या नोंदीपासून जाहीर शब्दापर्यंतची वाट कशी असते, हे मला आयडा बी. वेल्स हिच्या चरित्रात सर्वांत स्पष्ट दिसले. गुलामगिरीत जन्मलेली ही कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री मेम्फिस येथे शिक्षिका होती आणि विशीत असताना नियमाने रोजनिशी लिहीत होती. १८८५ ते १८८७ या काळातील तिची रोजनिशी उपलब्ध आहे. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या दुरवस्थेवर वृत्तपत्रात लिहिल्यामुळे १८९१ साली तिची शिक्षिकेची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी तिच्या एका स्नेह्याची आणि त्याच्या दोन साथीदारांची झुंडीने हत्या केली. तिचा संताप आपण समजू शकतो. पण तिने पुढे जे केले ते संतापापेक्षा अवघड होते. झुंडबळींची प्रकरणे तिने एकेक करून तपासली, नावे, ठिकाणे, तारखा आणि सांगितलेली कारणे यांची मांडणी केली, आणि आकडे मुद्दाम गोऱ्या मालकांच्या ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्रातून घेतले, जेणेकरून ते पक्षपाती आहेत असे कोणाला म्हणता येऊ नये. गोऱ्या स्त्रियांवरील अत्याचार हे झुंडबळीचे कारण म्हणून सर्रास सांगितले जाई. प्रत्यक्षात तसा नुसता आरोपसुद्धा बहुसंख्य प्रकरणांत नव्हता, हे तिने दाखवून दिले. तिच्या वृत्तपत्राची कचेरी १८९२ मध्ये जमावाने उद्ध्वस्त केली आणि मेम्फिसला परतणे तिला अशक्य झाले. १८९५ साली तिने आकडेवारीसह विस्तृत पुस्तिका काढली. आमच्या आठवीच्या कागदाची त्या कामाशी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही, पण दोन रकान्यांची रीत तीच आहे.

एमिल झोला याचे १३ जानेवारी १८९८ रोजीचे खुले पत्र बहुतेकांना माहीत असते. खोट्या आरोपाखाली हद्दपार झालेल्या ड्रायफस या लष्करी अधिकाऱ्याच्या बाजूने त्याने फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना उद्देशून ते लिहिले आणि वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर ते प्रसिद्ध झाले. त्या पत्रामागचा माणूस मात्र कमी माहीत असतो. मेदां येथील त्याच्या अभ्यासिकेत शेकोटीवर एक लॅटिन वचन कोरलेले होते, ज्याचा आशय एकही दिवस ओळ लिहिल्यावाचून जाऊ नये असा आहे. खाणकामगारांवर कादंबरी लिहायची, तर तो १८८४ साली संप चालू असताना खाणीवर गेला, आत उतरला आणि टिपणे घेऊन आला. पत्रापूर्वीही त्याने या खटल्याची कागदपत्रे समजून घेतली होती आणि काही लेख लिहिले होते. पत्रामुळे त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली, इंग्लंडला निघून जावे लागले, आणि त्या अज्ञातवासातही त्याने एक कादंबरी लिहून पुरी केली. वर्षानुवर्षे रोज लिहिणाऱ्याने एका सकाळी जे म्हटले, त्यामागे कमावलेला हात होता.

आपल्या भाषेतही याची परंपरा जुनी आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असताना १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहू लागले, तेव्हा ते पंचविशीत होते, आणि ती पत्रे शंभरावर गेली. स्वजनांच्या आळसावर आणि अज्ञानावर इतके परखड बोलणे त्या वयात सोपे नसणार. साप्ताहिकाची ठरलेली तारीख हे एक प्रकारचे उद्दिष्टच असते. मात्र आठवडाभराच्या अंतरात विचार करायला सवड मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ ही पाक्षिके सुरू केली, तेव्हा ‘बहिष्कृत भारता’तील बहुतेक मजकुराचा भार चळवळ आणि वकिली सांभाळून त्यांनाच उचलावा लागत होता. ‘वेळ मिळत नाही’ असे म्हणण्याची मला त्यानंतर लाज वाटते, आणि तरीही मी ते म्हणतोच.

मधे दिवस चुकतात, त्याचे काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, नवी सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवसांचा आढळला. व्यक्तीव्यक्तींमधला फरक मात्र १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसत नाही, असेही त्यात दिसले. ते प्रयोग खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयींवर होते, लेखनावर नव्हते, त्यामुळे त्यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहून करू नये, एवढे मात्र अनुभवाने सांगतो, कारण त्या दुप्पट मजकुरात भरती फार असते.

संतापाच्या दिवसांविषयी थोडे सांगायला हवे. काही घटना अशा असतात, की वहीतली पंधरा मिनिटे नुसत्या शिव्याशापांत जातात. जाऊ द्यावीत. ते पान स्वतःसाठी असते आणि ते छापायला द्यायचे नसते, एवढी मर्यादा पाळली की पुरे. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर मी तीन प्रश्नांची उत्तरे लिहितो: यातले मी स्वतः किती पाहिले, बदल करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, आणि मी त्याच्याकडे नेमके काय मागतो आहे. तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक पाने अडतात. जो लेख ‘समाजाने जागे व्हावे’ अशा वाक्यावर संपतो, त्याच्या लेखकाला कोणाकडे काय मागायचे हे ठरवता आलेले नसते, असे माझे मत आहे, आणि अशा लेखांचा माझ्या कपाटात मोठा गठ्ठा आहे.

आणखी एक दक्षता शाळेतल्या त्या कागदापासूनच आली. सरांनी नावे गाळायला लावली होती. वहीत माणसे खऱ्या नावांनी येतात, त्याशिवाय नोंदीला अर्थ नाही. पण वहीतून बाहेर पडताना ज्याचे दुःख आपण मांडतो आहोत त्याची परवानगी हवी, आणि परवानगी घेताना छापून आल्यावर त्याच्यावर काय ओढवू शकते तेही त्याला सांगायला हवे. नोकरीवर गदा येईल या भीतीने मागे हटणाऱ्याला भित्रा म्हणू नये. लोकहितवादींनीही टोपणनाव घेतले होते. काही वेळा असे होते, की मजकूर तयार असतो, पुरावा पक्का असतो, आणि तो माणूस नको म्हणतो. मग ती नोंद वहीतच राहते.

संपादक मंडळाने मनोगतासोबत शाळेसाठी एखादी सूचना मागितली आहे. माझी सूचना अशी, की आठवीपासून पुढच्या वर्गांना पहिल्या तासापूर्वीची पंधरा मिनिटे पुन्हा द्यावीत आणि त्यासाठी लागणाऱ्या वह्या माजी विद्यार्थी संघाने पुरवाव्यात. माझ्या तुकडीतील काही जणांनी पहिल्या वर्षाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. या वह्यांना गुण नसावेत, त्यांची स्पर्धा नसावी आणि त्यांतील उतारे वार्षिक अंकात छापू नयेत. शिक्षकांनी समासातली तारीख पाहावी, आणि ‘सगळे म्हणतात’ दिसले तर लाल शाई वापरावी.